१७ लाख वाचणार, असं एजंट म्हणतोय

प्रश्न, थोडक्यात : वाचक ३६ वर्षांच्या, खासगी कंपनीत नोकरीला. नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी यांच्यासह कळव्यात १७ हजार रुपये भाड्याच्या घरात राहतात. एफडी, पीएफ आणि माहेरून आलेले मिळून २२ लाख जमलेत. ओळखीतल्या एका एजंटाने घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या अलीकडे, दहा-बारा वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके सुचवला आहे. हप्ते थकले म्हणून बँकेने लिलावाला काढलेला. राखीव किंमत ५८ लाख, एजंटाच्या मते बाजारभाव ७५ लाख. त्याची फी दोन टक्के, शिवाय ‘बँकेतल्या माणसासाठी’ १ लाख रोख. लिलाव तीन आठवड्यांनी आहे. तरी बयाण्याचे ५ लाख ८० हजार येत्या शुक्रवारपर्यंत माझ्या फर्मच्या खात्यात टाका, बोली मी माझ्या आयडीवरून लावतो, असं तो म्हणतो. बाई एकट्याच जाऊन घर बघून आल्या. दाराला नोटीस चिकटवलेली, उंबऱ्याशी ताजी रांगोळी, आणि जाळीच्या दारामागून एका आजींनी विचारलं, ‘कोण पाहिजे?’ त्या काही न बोलता परतल्या. सासूबाई म्हणतात, ‘दुसऱ्याच्या तळतळाटाचं घर नको.’ नवरा म्हणतो, ‘असा चान्स परत येणार नाही.’ बाईंचा प्रश्न असा : एजंट या धंद्यात मुरलेला आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे जावं, की सासूबाईंचं ऐकावं?

उत्तर :

तुम्ही प्रश्न एजंट की सासूबाई असा मांडलाय. मला वाटतं दोघंही जरा बाजूला ठेवावेत आणि आधी त्या नोटिशीकडे बघावं. तुम्ही तिचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत, कारण या व्यवहाराचं बरंचसं उत्तर त्या बारीक टायपात छापलेलं आहे.

पहिली गोष्ट, शुक्रवार. नोटिशीत बयाणा भरण्याची शेवटची तारीख लिलावाच्या आदल्या दिवशीची आहे. म्हणजे येता शुक्रवार बँकेने ठरवलेला नाही, तो एजंटाने ठरवलाय. का, हे त्याला विचारा. बयाणा नोटिशीत दिलेल्या बँकेच्याच खात्यात एनईएफटी किंवा आरटीजीएसने जातो. मधल्या कुणाच्या खात्यातून जाण्याचं कारण नाही. बोलीही ज्याच्या नावावर घर व्हायचंय त्यानेच, स्वतःच्या केवायसीवर नोंदणी करून लावायची असते. लिलाव जिंकणाऱ्याच्या नावाने विक्री प्रमाणपत्र निघतं. एजंटाच्या आयडीवरून बोली लागली तर कागदावर घर त्याचं, आणि तुमच्या हातात त्याला पाठवलेल्या पैशांची पावती. तो माणूस सज्जन असेलही. पण सज्जनपणावर ५ लाख ८० हजार टाकायचे नसतात.

‘बँकेतल्या माणसासाठी’ मागितलेल्या १ लाखावर मी जास्त लिहीत नाही. ई-लिलावात सगळ्यात जास्त बोली जिंकते. त्यात आतल्या माणसाला करण्यासारखं काम असलंच, तर ते तुम्हाला विकत घ्यायचं नाहीये.

आता १७ लाखांकडे येऊ. ७५ मधून ५८ वजा केले की १७ उरतात, हे गणित बरोबर आहे, पण त्यातले दोन्ही आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. ५८ ही राखीव किंमत, म्हणजे बोली सुरू होते ती पायरी. घोडबंदर पट्ट्यातल्या बऱ्या सोसायटीतलं घर पहिल्याच पायरीवर सुटलं तर त्यात आनंदापेक्षा शंका जास्त घ्यावी. आपण ६१ धरू. आणि ७५? हा आकडा एजंटाच्या तोंडचा आहे, किंवा मालमत्तांच्या वेबसाइटवर लोक जे मागतात त्याचा. मागणी आणि सौदा यात अंतर असतं. त्याच सोसायटीत गेल्या वर्ष-दीड वर्षात प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये ‘सूची क्रमांक दोन’ म्हणून बघता येतात. गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक घालून एक संध्याकाळ घालवा. समजा तिथे ७१ चे व्यवहार निघाले. मग फरक १७ चा राहत नाही, १० चा होतो.

या १० लाखांतून काय काय जातं ते बघू. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यात धरू नका. ठाण्यात ते साधारण ७ टक्के, वर नोंदणीचे जास्तीत जास्त ३० हजार; पण ते तुम्ही साध्या रिसेलच्या घरालाही भरणारच होतात. इथे फक्त लिलावामुळे वाढणारे खर्च मोजायचे.

ज्या माणसाला बँकेचे हप्ते भरता आले नाहीत त्याने सोसायटीचा मेंटेनन्स नियमित भरला असेल, अशी आशा करू नका. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरच्या पाण्याचा खर्च धरून मेंटेनन्स आधीच चढा असतो, आणि थकबाकीवर उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. मालमत्ता कर वेगळा. वीजबिल वेगळं : जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवं कनेक्शन न देण्याची अट वीज कंपनी घालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. नोटिशीत ‘ज्ञात बोजे’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘माहीत नाही’ असं छापलेलं असतं. तुमच्याही नोटिशीत तसंच आहे. त्याचा अर्थ बोजा नाही असा होत नाही. बँकेने शोधलेला नाही, तुम्ही शोधा, असा होतो. वरच्या बाजूला ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ असं जे लिहिलंय तेही याचसाठी. या सगळ्याचे मिळून ३ लाख धरू. दुरुस्तीला ३ लाख. घर सोडून जावं लागणारा माणूस जाताना रंग देऊन जात नाही. काही ठिकाणी नळ, पंखे, किचनचा ओटासुद्धा उरत नाही. वकील, सर्च रिपोर्ट आणि एजंटाची नेहमीपेक्षा जास्त फी मिळून २ लाख. झाले ८. राहिले २.

आणि अजून आपण ताब्यापर्यंत आलोच नाही.

नोटिशीत तिसऱ्या ओळीत ‘सांकेतिक ताबा’ असे शब्द आहेत. तुमच्या एजंटाने ते तुम्हाला वाचून दाखवले का? सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, वर्तमानपत्रात छापली, आणि कागदोपत्री ताबा घेतला. आत माणसं राहतायत. तुम्ही स्वतः पाहिलीत. कोर्टात न जाता गहाण मालमत्ता विकून वसुली करायची मुभा बँकांना देणारा सरफेसी कायदा २००२ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रत्यक्ष ताबा मिळवता येतो. कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत, आणि कारण नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवसांत आदेश द्यावा असं आहे. आदेश निघाल्यावर तहसीलदार, पोलीस बंदोबस्त, तारीख, पुढची तारीख. मध्ये परीक्षा येतात, निवडणुका येतात, पोलीस गणपतीच्या बंदोबस्तात असतात. घरातल्या कुणी ऋण वसुली न्यायाधिकरणात अर्ज केलेला असेल आणि स्थगिती मिळाली, तर सगळंच थांबतं. भाडेकरू निघाला तर आणखी एक पदर.

या काळात तुमचं काय चाललेलं असेल? कळव्याचं १७ हजार भाडं चालू, आणि नव्या कर्जाचा हप्ताही चालू. ४५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर महिना सुमारे ३९ हजार. पहिल्या वर्षात त्यातले जवळपास ३ लाख ८० हजार निव्वळ व्याजात जातात. एक वर्ष ताबा लांबला तर भाड्याचे २ लाख आणि हे व्याज, म्हणजे ५ लाख ८० हजार, तुम्ही न राहिलेल्या घरापायी गेले. उरलेल्या २ लाखांतून ते वजा करून बघा. उलट हेच घर बँकेच्या प्रत्यक्ष ताब्यात, कुलूप लावलेलं, किल्ली प्राधिकृत अधिकाऱ्याच्या, म्हणजे बँकेने या वसुलीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ड्रॉवरमध्ये असं असतं, तर ते २ लाख निदान शिल्लक राहिले असते, आणि बोली ५९ वर थांबवली असती तर ४. लिलावाच्या घरात किमतीपेक्षा ताबा जास्त बोलतो. मी एवढे आकडे मांडले ते हे दाखवण्यासाठीच.

पैशांच्या वेळापत्रकाबद्दल नवऱ्यालाही समोर बसवून बोला, कारण माझ्या मते इथे खरी जोखीम आहे. बोली जिंकली की त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, एकूण किमतीच्या २५ टक्के भरावे लागतात, त्यात बयाणा धरून. ६१ लाखांचे २५ टक्के म्हणजे सव्वापंधरा लाख. हे तुमच्याकडे आहेत, पण एफडी मोडून आणि पीएफचा अर्ज मंजूर होऊन खात्यात आलेले असतील तरच. पीएफ हा ‘उद्या येईल’ असा पैसा नाही. उरलेले ७५ टक्के, म्हणजे पावणेसेहेचाळीस लाख, विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर ही मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. तोवर तुमचं गृहकर्ज मंजूर होऊन हातात पडायला हवं, आणि सांकेतिक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला पुष्कळ बँका नाखूश असतात. नाही जमलं तर? सव्वापंधरा लाख जप्त. ‘निदान थोडे तरी परत द्या’ म्हणून एक खरेदीदार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता; फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने पूर्ण जप्ती बँकेच्या बाजूने कायम केली. तुमच्या २२ लाखांतले १५ असे गेले तर पुढची दहा वर्षं कळव्यातच. नवरा म्हणतो तो ‘चान्स’ असा दोन्ही बाजूंनी धार असलेला आहे.

आता तुमच्या एजंटाविषयी. तो मुरलेला आहे असं तुम्ही म्हणता. कशात मुरलेला? ठाण्यात भाड्याची आणि रिसेलची घरं दाखवणारे उत्तम एजंट आहेत, इमारतीगणिक कोणत्या विंगला ऊन येतं ते सांगतील. लिलावाचं ज्ञान वेगळं असतं. लिलावात भाग घ्यायला एजंट लागतच नाही. सरकारी बँकांच्या लिलावाची घरं जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या एकाच पोर्टलवर दिसतात, आणि कायद्यानेच नोटीस दोन वर्तमानपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, छापावी लागते. ‘नवशक्ति’ची मागची पानं उघडलीत तर ठाणे जिल्ह्यातल्या अशा नोटिशींनी भरलेली दिसतील. मग एजंट दोन टक्के, म्हणजे सव्वा लाख, कशाचे घेतो? शोधून दाखवण्याचे असतील तर ते काम पाच रुपयांच्या पेपराचं आहे.

जाणकार एजंट मी त्याला म्हणेन जो तुम्ही न विचारता सांगतो की या घराचा ताबा सांकेतिक आहे, कलम १४ चा आदेश निघालाय किंवा नाही, न्यायाधिकरणात अर्ज पडलाय का. हाच फ्लॅट आधी कितीदा लिलावाला येऊन परत गेला, तेव्हा राखीव किंमत किती होती, हेही त्याला माहीत असतं. दोनदा पडून किंमत उतरलेली असेल तर इतरांनी काहीतरी पाहिलंय. तो सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून थकबाकीचं पत्र आणतो. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का ते बघतो. मूळ करारनामा, साखळीतले आधीचे करारनामे आणि शेअर सर्टिफिकेट बँकेकडे आहे की नाही हे अधिकाऱ्याला विचारतो. आणि बऱ्याचदा म्हणतो, ‘ताई, हे सोडा.’ जो एजंट कुठलंच घर सोडा म्हणत नाही त्याच्याकडे माहिती कमी आणि घाई जास्त असते.

महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची, नोंदणी आहे का तेही विचारा. २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, आणि नोंदणी क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर कुणालाही तपासता येतो. तो क्रमांक म्हणजे लिलावातल्या हुशारीचं प्रमाणपत्र नव्हे, पण ज्याने तेवढंही केलं नाही त्याला मी घराजवळ फिरकू देणार नाही. फी लेखी ठरवा, आणि तिचा मोठा भाग प्रत्यक्ष ताबा मिळाल्यावर द्यायचा असं ठरवा. तुमचा एजंट याला कसं उत्तर देतो यावरून तुम्हाला त्याच्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळेल.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ती रांगोळी बघून तुम्ही काही न बोलता परत आलात, म्हणजे तुमच्याही मनात ते आहेच. पण तळतळाट कुणाचा, कशाबद्दल, हे जरा उलगडून बघू. लिलाव तुम्ही लावलेला नाही आणि तुम्ही न गेल्याने तो थांबणार नाही. बँकेची रक्कम वसूल झाल्यावर वर उरलेले पैसे कायद्याने कर्जदाराला परत मिळतात. आणि कमी पडले तर उरलेली बाकी त्याच्याच डोक्यावर राहते. म्हणजे त्या कुटुंबाच्या दृष्टीने घर जितकं चढ्या भावाने जाईल तितकं बरं. त्यांचं नुकसान करणारा खरेदीदार तो, जो पाडून मागतो. विचित्र आहे, पण तुमचा फायदा आणि सासूबाईंची भीती एकाच आकड्यात अडकलेत. सासूबाईंना हे असंच समजावून सांगा. त्यांना हे पटलं तरी घरात माणसं असताना पोलीस घेऊन ताबा घेण्याचा प्रसंग तुम्हाला झेपणार आहे का, हा प्रश्न राहतोच. ‘ते बँक करते, आपल्याला काही बघावं लागत नाही’ असं एजंट म्हणेल. त्या सोसायटीत पुढची वीस वर्षं लिफ्टमध्ये शेजाऱ्यांबरोबर तुम्हीच उभ्या राहणार आहात. काही जणांना याचं काही वाटत नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला वाटतं, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतंय. मग तो खर्चही हिशेबात धरा. वास्तुशांतीने भागणारा असेल तर उत्तमच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. अडचणीतलं घर घ्यायचंच असेल तर ते लिलावाच्या आधी घ्या, मालकाकडून.

हप्ता थकून ९० दिवस झाले की कर्ज बुडीत खात्याकडे जायला लागतं. मग बँक ६० दिवसांची मागणी नोटीस देते. नंतर सांकेतिक ताबा, मग मूल्यांकन, मग विक्रीची नोटीस. या सगळ्या काळात, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत, कर्जदाराला पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क असतो. नोटीस छापून आली की तो हक्क संपतो. २०१६ च्या दुरुस्तीने हे आलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्कं केलं. तो वादही नवी मुंबईतल्याच एका औद्योगिक भूखंडाचा होता. जाळीच्या दारामागच्या त्या आजींच्या घरासाठी ती वेळ गेली. पण आज ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत कितीतरी घरं त्याआधीच्या टप्प्यात असतील. तिथे मालक स्वतः विकतो, आतून घर दाखवतो, किल्ली हातात देतो. त्याला घाई असते म्हणून भाव थोडा खाली येतो, पण लिलावाइतका पडत नाही, त्यामुळे त्याच्याही हातात काही उरतं. जाणकार एजंटाची खरी किंमत इथे आहे : अशी घरं तो ओळखतो आणि दोन बँका, एक घाबरलेला मालक आणि एक घाबरलेला खरेदीदार यांना एका टेबलावर आणतो.

रीत साधी आहे. मालकाच्या बँकेकडून आज किती भरले की कर्ज संपतं याचं पत्र घ्यायचं, आणि बँकेकडे कोणकोणते मूळ कागद जमा आहेत त्याची यादी. तुमची बँक किंवा तुम्ही ती रक्कम थेट त्या कर्ज खात्यात भरायची. मालकाच्या हातात नाही, एजंटाच्या तर नाहीच. कागद बँकेकडून बँकेकडे जातात, उरलेले पैसे नोंदणीच्या दिवशी मालकाला. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तो विसरू नका. विसरलेल्यांना प्राप्तिकर खात्याची पत्रं येतात. सेरसाई या गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत त्या घरावर दुसऱ्या कुठल्या बँकेचा बोजा दिसतो का तेही बघून घ्या. एकच घर दोन बँकांकडे गहाण ठेवलेली माणसं असतात.

हे वाचणाऱ्यांत कुणी पलीकडच्या बाजूचंही असेल, ज्यांचे स्वतःचे हप्ते थकलेत. तुम्हाला सांगणं एवढंच की बँकेचे फोन उचला, आणि घर वाचणार नसेल तर ते तुम्हीच विका, बँकेला विकायला लावू नका. मागणी नोटीस आली की लगेच दोन एजंटांकडून भाव घ्या. जो सगळ्यात मोठा आकडा सांगतो त्याला देऊ नका. ७५ ला टांगून ठेवलेलं घर चार महिन्यांनी ५८ च्या पायरीवर जातं, ते याच मोहापायी. खरेदीदार मिळाला की बँकेला लेखी कळवा. कुणी ‘लिलाव थांबवून देतो, फक्त कुलमुखत्यारपत्र करून द्या’ म्हणत आला तर दार लावून घ्या. बँकेच्या कारवाईत खरंच चूक असेल तर ताबा घेतल्यापासून ४५ दिवसांत न्यायाधिकरणात जाता येतं, त्यासाठी वकील लागतो, मुखत्यार नाही. लाज वाटते म्हणून सोसायटीत कुणाला न सांगता वर्ष काढणारे लोक मी बरेच पाहिलेत. लिफ्टजवळच्या बोर्डावर थकबाकीदारांची यादी लागते तेव्हा सगळ्यांना कळतंच.

नवी मुंबईच्या वाचकांनी एक जादा गोष्ट बघायची. तिथली बहुतेक जमीन सिडकोची, भाडेपट्ट्यावर. त्यामुळे सिडकोकडे हस्तांतराची नोंद, त्याचं शुल्क आणि जुनी थकबाकी हा वेगळा खर्च असतो. आणि गावठाणातल्या इमारतीतलं घर लिलावात फारच स्वस्त दिसलं तर आधी बांधकाम परवानगी मागा. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींचं काय झालं ते पुष्कळांना आठवत असेल.

मग तुमच्या या फ्लॅटचं काय? माझं मत विचारलंत तर, ताबा सांकेतिक असेपर्यंत बोली लावू नका. वरच्या हिशेबाप्रमाणे वर्षभराचा उशीर धरला तर ५८ सुद्धा तुम्हाला महागच पडतात. पण लिलावाला तीन आठवडे आहेत, तेवढ्यात काही गोष्टी बदलू शकतात किंवा तुम्हाला नव्या कळू शकतात. तेव्हा दार लगेच बंद करू नका. एका शनिवारी सोसायटीच्या ऑफिसात जा, सेक्रेटरीला सरळ सांगा की लिलावाचं घर बघतोय, थकबाकी किती आणि हस्तांतराचा प्रीमियम किती घ्याल. तो प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, आणि तो सेक्रेटरीला माहीत असतोच, पण तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू द्या. व्याजातली काही रक्कम माफ करायला सोसायट्या कधी कधी तयार होतात, कारण त्यांनाही वर्षानुवर्षं अडकलेले पैसे हवे असतात. तुमच्या बँकेत जाऊन कर्जाची आगाऊ मंजुरी घ्या. ती या घराला नाही तर पुढच्या घराला लागेलच. आणि नोटिशीच्या तळाशी प्राधिकृत अधिकाऱ्याचा नंबर आहे, त्याला स्वतः फोन करा. तो शाखेत सापडणार नाही, वसुली विभागात बसतो. प्रत्यक्ष ताब्याची तारीख पडली आहे का, न्यायाधिकरणात प्रकरण आहे का, घर आतून कधी बघता येईल, एवढंच विचारा. ताबा लिलावाआधी मिळणार असं तो लेखी द्यायला तयार असला, तर ५९ लाखांपर्यंत जा आणि ६० चा आकडा स्क्रीनवर आला की लॅपटॉप बंद करा. हे आधीच कागदावर लिहून नवऱ्याला दाखवून ठेवा, कारण शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की लिलावाची वेळ पुन्हा वाढते, आणि त्या वाढलेल्या पाच-पाच मिनिटांत भली भली माणसं दोन-तीन लाख जास्त बोलून बसतात.

एजंटाला शुक्रवारी पैसे पाठवू नका. त्याने कारण विचारलं तर सांगा, बयाणा भरायचं ठरलंच तर आम्ही आमच्याच आयडीवरून भरू, तुमची फी लेखी पाठवा.